न मागितलेली परवानगी

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तेव्हापासून आमच्या बडोद्यातल्या ॲप करणाऱ्या मंडळींत दोन तट पडलेत. ही मंडळी इथे बरीच आहेत. कुणी दिवसा नोकरी करून रात्री एकट्याने ॲप चालवतो, कुणी दोघं-तिघं मिळून कारेलीबागेत खोली घेऊन बसलेत. पंचांग, भिशीचा हिशेब, सोसायटीचा मेन्टेनन्स, डब्याच्या ऑर्डरी, गणपती मंडळाची वर्गणी अशी यांची ॲप्स. एक तट म्हणतो, हे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी ठीक आहेत, आम्हाला सूट द्या. २५० कोटींपर्यंतच्या दंडाची भाषा करणारा कायदा आणि आमची महिन्याची मिळकत यांचा मेळ बसतो तरी कुठे? दुसरा तट म्हणतो, एवढं घाबरायचं कारण नाही. वकिलाकडून एक प्रायव्हसी पॉलिसी लिहून घ्या, सुरुवातीला संमतीचा पडदा टाका, समोरच्याने ‘अलाऊ’ दाबलं की आपण मोकळे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी अठरा महिने दिलेत, त्यामुळे वाद घालायला वेळही भरपूर आहे.

माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी भांडताहेत. माहिती गोळा करायचीच, हे दोघांनीही धरून चाललंय. ती कायद्यातून सुटेल कशी, एवढ्यापुरताच मतभेद. माझं म्हणणं असं, की खासगीपणाचा प्रश्न संमतीच्या पडद्यावर सुटत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, ॲपला काय लागतं आणि काय लागत नाही हे ठरवताना सुटतो, नाहीतर सुटतच नाही. आणि हे ठरवणं एकट्या माणसाला जेवढं सोपं आहे तेवढं हजार माणसांच्या कंपनीला कधीच नसतं. तिथे जाहिरात विभागाला एक हवं असतं, विक्रीवाल्यांना दुसरं. इथे रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर बसलेल्या एकाच माणसाने ‘हे नको’ म्हटलं की विषय संपला. सूट मागणारा लहान विकसक हातातला हुकमाचा पत्ताच टाकून देतोय.

पंचांगाच्या ॲपचंच बघा, कारण ते आमच्याकडे घरोघरी आहे. उघडल्याबरोबर अशी बरीच ॲप्स लोकेशन मागतात, तेही अचूक. कशाला? तर सूर्योदयाची वेळ दाखवायला. सूर्योदय रेखांशाप्रमाणे बदलतो, एका अंशामागे चार मिनिटं. बडोद्याच्या पश्चिमेकडच्या गोत्रीपासून पूर्वेकडच्या आजवा रोडपर्यंत सरळ रेघ मारली तर दहा-बारा किलोमीटर. एवढ्या अंतराने पडणारा फरक अर्धं मिनिटसुद्धा भरत नाही, आणि पंचांगात वेळ छापतात ती मिनिटांत. मग दांडिया बाजारातल्या आजींचं घर कुठल्या गल्लीत, कितव्या दाराशी आहे हे कळून त्यांच्या एकादशीत काय फरक पडणार आहे? शहरांच्या यादीतून ‘बडोदा’ निवडायला दिलं की काम झालं. आजी पुण्याला लेकीकडे गेल्या तर ‘पुणे’ निवडतील. त्यांना ते जमतं. त्या रेल्वेचं तिकीट फोनवरून काढतात. अचूक लोकेशन मागणाऱ्यांना कारण विचारलं, की दोन उत्तरं मिळतात. एक, ‘पुढेमागे उपयोगी पडेल’. दुसरं, ‘जाहिरातीच्या एसडीकेला लागतं’. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे.

एसडीके म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, जो आपण आपल्या ॲपमध्ये बसवतो. अँड्रॉइडवर अशा कोडला वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. ॲपला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. आजींनी विश्वास ठेवला पंचांगावर, आत आला मात्र तिसराच. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पंचांगाच्याच सख्ख्या भावंडाचं आहे. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा दाखवणारं ॲप. नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली, की त्यातून लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲपल आणि गूगलने त्या कंपनीचा कोड आपापल्या स्टोअरमधल्या ॲप्समधून काढायला लावला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. नमाजाची वेळ बघणाऱ्या एकालाही, आपण लष्करी खरेदीच्या साखळीत आलो आहोत, हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. परवानगी मात्र प्रत्येकाने दिलेली होती, रीतसर, बटण दाबून!

आता भिशी. इथे संमतीचा युक्तिवाद मुळातच कोसळतो. सभासद जोडायचे म्हणून ॲप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं आणि अख्खी फोनबुक आत घेतं. पण माझ्या फोनबुकात फक्त मी असतो का? त्यात माझे डॉक्टर आहेत, मुलीच्या शाळेतल्या बाई आहेत, घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली मावसबहीण आहे, जिने नंबर बदलून तो मोजक्याच माणसांना दिलाय. या सगळ्यांच्या वतीने ‘अलाऊ’ म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी याच फटीतून काय धुमाकूळ घातला, तो देशाने पाहिला: हप्ता चुकला की कर्जदाराच्या आत्या-मामांना, साहेबांना, शेजाऱ्यांना फोन. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डिजिटल कर्जाच्या ॲप्सना फोनमधल्या फाइली, कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची यादी यांपासून लांब राहायला सांगितलं, आणि २०२३ मध्ये गूगलने वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केले. भिशीचं ॲप करणारा आमचा मित्र सावकार नाही, हे मला मान्य. पण बारा माणसं जोडायला त्याला बाराशे नंबर का लागावेत? अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींकडे फोनचा स्वतःचा निवडपडदा वापरता येतो. वापरणारा एक नाव निवडतो, ॲपला तेवढाच नंबर मिळतो, सगळ्या फोनबुकची परवानगी मागायची वेळच येत नाही. ओटीपीचंही तेच, सगळे मेसेज वाचायची मुभा न घेता तेवढा एक ओटीपी उचलायची सोय अँड्रॉइडवर कधीपासूनची आहे. फोटोंसाठी तर अँड्रॉइड १३ पासून वेगळा निवडपडदा आहे. हे सगळं फुकट आहे. शिकायला फार तर एक दुपार जाईल.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ‘लोकांना काही पडलेलीच नाही’ हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा, आणि वरवर पाहता खरा. माझ्या शेजारच्या काकू नवं ॲप उघडतात तेव्हा मी बघितलंय: पडदा पुरता उमटायच्या आतच त्यांचा अंगठा जिथे गडद बटण येणार तिथे पोचलेला असतो. वाचणं नाही, थांबणं नाही. पण त्या असं का करतात? एक, ‘नको’ हे बटण फिकट करड्या अक्षरांत, कडेला, बटण आहे की शोभेची ओळ हे कळू नये अशा बेताने ठेवलेलं असतं. दोन, चुकून ते दाबलंच तर दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा हजर. तीन, मजकूर इंग्रजीत किंवा गुजरातीत असतो. काकू गुजराती फर्डं बोलतात, भाजीवाल्याशी हुज्जत त्याच भाषेत घालतात, पण वाचायची सवय मराठीची. बडोद्याचा माणूस म्हणजे गुजरातीच वाचणार, हे ॲपवाल्याने परस्पर ठरवलं. कायदा तर सांगतो, की सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा. आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांचे जे तेरा प्रकार बंद केले, त्यांत एकाला उठाव देऊन दुसरं दडवणं आणि तोच तगादा पुन्हापुन्हा लावणं, दोन्ही आहेत. आधी खड्डे खणायचे आणि मग लोकांना चालायचीच आवड नाही म्हणायचं, असला हा प्रकार.

‘लोकांची मागणीच नाही’ हा युक्तिवाद बडोद्यात बसून करावा, याची मला गंमत वाटते. नामदार गोखल्यांनी १९११ साली इंपीरियल कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा सरकारी बाजूने हेच सांगितलं गेलं, की लोकांकडून अशी मागणी नाही आणि पैसा आणायचा कुठून. १९१२ मध्ये विधेयक पडलं. त्या वेळी बडोदा संस्थानात काय चाललं होतं? सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग करून पाहिला होता आणि १९०६ पासून ती सगळ्या संस्थानात लागू झाली होती. अमरेलीतल्या शेतकऱ्यांनी शाळा द्या म्हणून मोर्चे काढले नव्हते. ज्या गोष्टीचा अनुभवच आलेला नाही तिची मागणी माणूस कशी करणार? तुलना इथे थोडी लंगडी पडते, हे मीच सांगतो: बडोद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे, आणि काकूंना दंड करा असं माझं म्हणणं नाही. व्हायचाच तर तो करडं बटण आखणाऱ्याला व्हावा.

खासगीपण हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, हा त्याच मुद्द्याचा धाकटा भाऊ. त्यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांसमोर तो मांडून झाला आणि २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात फेटाळूनही झाला. दोन खोल्यांच्या घरात चौघांत एक फोन असतो, तिथे पडद्यावर अचानक उमटलेल्या एका नोटिफिकेशनने काय होऊ शकतं, हे सुखवस्तूंपेक्षा त्या घरातल्या मुलीला जास्त कळतं.

तिसरा आक्षेप माझ्या धंद्यातल्या लोकांचा आहे आणि तो वजनदार आहे. ॲपची रचना सुधारायची तर लोक कुठे अडखळतात हे कळायला हवं. कुठल्या पडद्यावरून माणसं परत फिरतात, ॲप कुठल्या फोनवर कोसळतं, कुठलं बटण कुणी दाबतच नाही, हे न बघता केलेली रचना म्हणजे अंधारात मारलेला बाण. मोजणीच बंद केली तर वापरणाऱ्याचंच नुकसान, हे मला मान्य आहे. फक्त मोजणं आणि पाळत ठेवणं यांत भेद करता येतो, आणि तो करायची अक्कल आपल्याकडे कॉम्प्युटर यायच्या आधीपासून होती.

महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं, हे बडोदेकरांना सांगायला नको. पुस्तक देण्याघेण्याची ‘ब्राऊन पद्धत’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, निना ब्राऊन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालबाईंची. पुढे आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत ती रुळली, आणि चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी ती हाताळलेली असेल. वाचकाकडे खिशासारखं एक छोटं तिकीट. पुस्तकाच्या आत एक कार्ड. पुस्तक नेलं की ते कार्ड तुमच्या तिकिटाच्या खिशात जातं आणि परतीच्या तारखेमागे, लाकडी खणात उभं राहतं. पुस्तक परत केलं की कार्ड पुस्तकात, तिकीट तुमच्या हातात. खणात काही उरत नाही. आज किती पुस्तकं बाहेर आहेत, कुठल्या विषयाची जास्त जातात, कुणाकडे थकलीत, हे सगळं ग्रंथपालाला कळतं. गेल्या वर्षी तुम्ही काय काय वाचलंत, हे मात्र कुणालाच, मागितलं तरी, सांगता येत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत कायमची नोंद राहत नाही हा या पद्धतीचा दोष म्हणून सांगतात. मला तोच तिचा गुण वाटतो.

आजच्या ॲपलाही हे जमतं. ॲप किती वेळा कोसळलं, कुठल्या फोनवर आणि कोडच्या कुठल्या ओळीवर, हे विकसकांसाठीचं गूगल प्ले कन्सोल स्वतः दाखवतं, ज्यांनी फोनमध्ये तशी माहिती द्यायला होकार दिलाय त्यांच्यापुरतं. त्यासाठी ॲपमध्ये वेगळा एसडीके बसवावा लागत नाही. ‘हा पडदा इतक्या वेळा उघडला’ एवढा आकडा नावाशिवाय पाठवता येतो. आणि लोक का अडखळतात, हे तर कुठल्याच आलेखात दिसत नाही. त्यासाठी माणसाशेजारी बसावं लागतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं, की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक चुका हाती लागतात. पाचाचा आकडा वादाचा असेल, पण पाच माणसं न बघता पन्नास हजारांचा डेटा साठवणारे मी रोज बघतो. सुरसागरच्या काठावर संध्याकाळी पाच माणसं मिळणार नाहीत?

चौथा आक्षेप पैशाचा. आपल्याकडे ॲपला पैसे मोजायची सवय नाही, जाहिरातीच पोटाला घालतात, आणि माणसाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातींना दर जास्त. यातलं काहीच खोटं नाही. शिवाय खासगीपणाच्या नावाखाली बडे लोक आपली पोळी भाजून घेतात हेही खरं. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ‘माग काढू द्यायचा का’ असं विचारणं सक्तीचं केलं तेव्हा तिची वाहवा झाली. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा आयोगाने त्याच योजनेच्या अंमलबजावणीवरून तिला १५ कोटी युरोचा दंड ठोठावला, कारण त्या योजनेचा जास्त भार लहान प्रकाशकांवर पडत होता. तेव्हा लहान विकसकाला हे सगळं नाटक वाटत असेल तर त्याचा राग मला समजतो. पण त्या नाटकावर उतारा काय, तर आपणही आजींचं लोकेशन विकायचं? जाहिरात पानावरच्या विषयाला धरूनही दाखवता येते. संकष्टीच्या पानावर खंडेराव मार्केटजवळच्या मोदकवाल्याची जाहिरात लावायला बघणारा कोण आहे हे कळावं लागत नाही. तो आज संकष्टीचं पान बघतोय एवढं पुरे. दर कमी मिळेल. तो कमी दर आणि वर्षाला एखादी छोटी रक्कम यूपीआयने देणारे थोडे लोक, यावर श्रीमंत होता येत नाही, एकट्या माणसाचं ॲप मात्र तगून राहू शकतं. मोठ्या कंपनीला ते परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

आणि आता ती सूट, जिच्यासाठी एवढा आटापिटा चाललाय. कायद्याच्या १७ व्या कलमात सरकारला काही जणांना, त्यात स्टार्टअपही आले, काही तरतुदींतून मोकळं करता येतं. कुठल्या तरतुदी? माणसाला आधी सूचना देणं, माहिती अचूक ठेवणं, काम झाल्यावर ती पुसणं, मागितल्यावर काय साठवलंय ते दाखवणं. मोठ्या कंपन्यांवरच्या जादा जबाबदाऱ्याही त्या यादीत आहेत, पण त्या लहानांना तशाही लागू नव्हत्या. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी मात्र त्या यादीत नाही, आणि २५० कोटींचा आकडा नेमका त्याच जबाबदारीला चिकटलेला आहे. म्हणजे सूट मिळाली तर तुम्ही लोकांना न सांगता, न पुसता माहितीचा ढीग वाढवत राहणार, आणि तो फुटला की सगळ्यात मोठ्या दंडाच्या तोंडी उभे. याला सवलत म्हणायचं? २०१६ साली अमेरिकेत ‘सिग्नल’ या मेसेजिंग ॲपकडे न्यायालयीन आदेशाने वापरणाऱ्यांची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. असल्या रिकाम्या कपाटाला कुलपाचा खर्च किती येणार? मागायचंच असेल तर लहान विकसकांनी हे मागावं: माहिती फोनबाहेर जातच नसेल तर कागदपत्रांचं ओझं आपोआप कमी व्हावं, आणि एसडीके विकणाऱ्यांना त्यांच्या कोडबद्दल थेट जबाबदार धरावं. आजचा रिवाज चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा आहे. कोड त्यांचा, मान आमची.

राहिला तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सगळं फोनवरच ठेवलं आणि फोन हरवला, पाण्यात पडला, तर? भिशीचा दीड वर्षाचा हिशेब गेला तर बारा घरांत भांडणं लागतील. सर्व्हरवर प्रत असणं ही खरी सोय आहे. भिशीपुरता मार्ग निघतो: पूर्वी प्रत्येक सभासद आपल्या वहीत उचल लिहून ठेवायचाच, तशी प्रत्येक सभासदाच्या फोनवर हिशेबाची प्रत असावी, एक फोन बुडाला तरी अकरा उरतात. औषधांच्या नोंदी, डायरी, असल्या एकट्याच्या ॲपचं काय? कुलूपबंद करून प्रत बाहेर ठेवता येते, पण किल्ली वापरणाऱ्याकडेच राहते, आणि सत्तरीतला माणूस पासवर्ड विसरला की ती प्रत कुणालाच उघडता येत नाही. किल्ली विकसकाने स्वतःकडे ठेवली तर तो पुन्हा ढिगाचा मालक. दोन्हींत तोटा आहे आणि कुणाचा तोटा पत्करायचा हे ॲपगणिक ठरवावं लागेल. आजोबांच्या औषधांच्या यादीसाठी मी सोय निवडेन, मुलीच्या डायरीसाठी कुलूप. विचारायचं ते ॲप उघडल्या उघडल्या नव्हे, दोन-चार नोंदी होऊन गमावण्यासारखं काही जमल्यावर, साध्या मराठीत, एकदाच. आणि ‘नको’चं बटण ‘हो’च्याच मापाचं, त्याच रंगाचं.